मफीबोशेथ पंगतीत कसा बसला

“नको ती गोष्ट,” मी म्हणाले.

राहेलबाईंच्या हातात चित्रांची गुंडाळी अर्धी उलगडलेली होती. चित्रात येशूनं बरा केलेला एक पांगळा माणूस अंथरूण काखोटीला मारून ताठ उभा होता आणि भोवतीचे लोक तोंडाचा आ करून त्याच्याकडे बघत होते. आमची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारी मुलांना पवित्र शास्त्रातल्या, बायबलमधल्या गोष्टी सांगायचा वर्ग, चर्चच्या मागच्या व्हरांड्यात भरायची. सतरंजीवरच्या सगळ्या मुलांनी आधी चित्राकडे बघितलं. मग, मला पक्कं ठाऊक होतं तसंच, एकेक मान वळली आणि सगळी माझ्या पायाकडे बघायला लागली.

मी एकटीच स्टुलावर बसायची. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला आणि उजवा पाय गेला तो गेलाच. त्या पायाला कॅलिपर होता. दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, मध्ये चामड्याचे पट्टे आणि खाली जोडलेला काळा जड बूट. गुडघ्यापाशी एक खटका होता. तो लावला की पाय काठीसारखा ताठ व्हायचा आणि मला चालता यायचं. तो सोडला की खुर्चीवर बसून पाय खाली सोडता यायचा. मांडी मात्र कधीच घालता आली नाही.

“काय म्हणालीस, शालोमी?” बाईंनी चष्म्याच्या वरून बघितलं.

“ती गोष्ट नको. दुसरी सांगा.”

“बाई, आसं कसं?” बन्यामीन म्हणाला. त्याला चर्चच्या कंपाऊंडमध्ये राहणारे आम्ही सगळे बेन्या म्हणायचो. आमची आणि त्यांची खोली भिंतीला भिंत लागून होती, त्यामुळे माझ्याबद्दल बोलायचा आपल्याला हक्कच आहे असं त्याला वाटायचं. “ही तर हिचीच गोष्ट हाये.”

“माझी कशी? तो उठून घरी गेला,” मी म्हणाले. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि तोंडाळ होते. पायात नव्हतं ते सगळं बळ जिभेत आलं होतं, असं आई म्हणायची. “सगळेच उठून घरी जातात. आंधळ्याला दिसतं, मुका बोलतो, लंगडा उड्या मारतो. आणि मग ही पोरं मला वाटेत विचारतात, शाले, तू प्रार्थना नीट करत नाहीस का गं? मी नीट करते. डोळे गच्च मिटून करते.”

मला वाटलं, आता छडी. राहेलबाई काही मऊ बाई नव्हत्या. मिशनच्या मुलींच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, टोकदार नाकाच्या बाई. त्यांनी चित्र हळूहळू गुंडाळलं, त्याला दोरी बांधली आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

“पुढच्या रविवारी दुसरी सांगेन,” त्या म्हणाल्या. “आज गाणी म्हणा.”

जाताना त्यांनी नेहमीप्रमाणे गोळ्यांचा डबा पुढे केला. त्या गोळ्या नेहमी कागदात गुंडाळलेल्या असायच्या. सुटी गोळी, घरचा लाडू, मूठभर शेंगदाणे असं त्यांनी आम्हांला कधी दिलं नाही. शिवाय गोळी हातात ठेवायच्या नाहीत. डबा पुढे धरायच्या, आम्ही आमची उचलायची. पाणी प्यायला त्यांच्या पिशवीत त्यांचा स्वतःचा पितळी पेला असायचा. त्यांना दुसऱ्या कुणाचं चालत नाही, बाई भारी सोवळ्याच्या आहेत, असं आम्हां मुलांचं ठाम मत होतं.

त्या दिवसांत हंगामाचा सण तोंडावर आला होता. जानेवारीत, ज्वारी हुरड्यावर आली की आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उपकारस्तुतीचा रविवार व्हायचा. लोक कणसं, वांगी, अंडी, कोंबड्या असं जे घरी पिकलं असेल ते आणून वेदीपुढे ठेवायचे. एकदा एक कोंबडा बांधलेले पाय सोडवून ऐन उपदेशात पाळकसाहेबांच्या पुस्तकावर जाऊन बसला होता. उपासना झाली की चर्चच्या अंगणात प्रीतिभोजन. मोठ्या चुलाणावर मटणाचा रस्सा, पातेलीच्या पातेली भात, आणि जमिनीवर समोरासमोर मांडलेल्या पंगती. वर्षभर मुलं त्या दिवसाची वाट बघायची. मीसुद्धा बघायची, पण मागच्या वर्षापर्यंतच.

मागच्या वर्षी मी पंगतीत बसले होते. मांडी येत नव्हती म्हणून पाय समोर ताठ सोडून. पंगतीची सगळी व्यवस्था शमुवेलकाकांकडे असायची. ते मंडळीचे एक पंच आणि शाळेत कवायतीचे मास्तर होते आणि पंगतसुद्धा शिट्टी वाजवून चालवायचे. एक शिट्टी म्हणजे बसा, दोन म्हणजे वाढा. त्या दिवशी ते स्वतः रश्शाची बादली घेऊन दोन ओळींमधून मागे बघत आले आणि माझ्या बुटाला अडखळले. बादली गेली, काकांचं पांढरंशुभ्र धोतर गेलं, आणि पंगतीतल्या निम्म्या लोकांच्या वाट्याचा रस्सा मातीत गेला. मला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट सगळे, “असू दे गं, असू दे गं,” म्हणत होते. पण त्यानंतर पंचांच्या बैठकीत मोठ्या प्रेमानं ठरलं की शालोमीची वेगळी सोय करायची. पाळकसाहेबांच्या पडवीत, सावलीत, स्टूल आणि पाट मांडून. आधी तिला वाढायचं, मग पंगत बसवायची.

सोय हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही. नाताळच्या जेवणाला मी त्या पडवीत बसून जेवले. मटणाच्या चांगल्या चांगल्या नळ्या मला वाढल्या होत्या. अंगणातून मुलांच्या हसण्याचा आवाज येत होता आणि मी अर्ध्यावरच उठले. घरी आल्यावर मी आईला सांगून टाकलं की हंगामाच्या सणाला मी येणार नाही. आई म्हणाली, “बरं.” आईनं बरं म्हटलं की ते खरं बरं नसायचं.

पुढच्या रविवारी बाई चित्र न घेताच आल्या.

“या गोष्टीचं चित्र गुंडाळीत नाही,” त्या म्हणाल्या. “मफीबोशेथाची गोष्ट.”

पोरं खो खो हसली. आमच्या कंपाऊंडमध्ये दावीद आणि दानिएल हाक मारली की चारपाच पोरं धावत यायची, पण मफीबोशेथ कुणाच्या घरी जन्मला नव्हता. बाईंनी हसू दिलं आणि मग सांगायला लागल्या.

शौल राजाचा नातू, योनाथानाचा मुलगा. पाच वर्षांचा असताना लढाईत बाप आणि आजा दोघे पडल्याची बातमी आली. दाई त्याला उचलून पळाली आणि पळताना तो तिच्या हातून पडला. दोन्ही पाय गेले. मग तो लो-दबार नावाच्या कुठल्यातरी आडगावी लपून राहिला, कारण नवा राजा आला की जुन्या राजाचं गणगोत शिल्लक ठेवत नाहीत. नवा राजा दावीद. तो एक दिवस विचारतो, माझ्या मित्राच्या, योनाथानाच्या घरातलं कुणी उरलं आहे का? कुणीतरी सांगतं, आहे एक, पण दोन्ही पायांनी लंगडा आहे.

“पण,” बाई थांबल्या. “लोकांनी ‘पण’ म्हटलं. राजानं म्हटलं, कुठं आहे?”

मी स्टुलावर पुढे सरकले होते. मफीबोशेथ येतो, पालथा पडतो, मेलेल्या कुत्र्यासारखा मी, माझ्याकडे कशाला बघता म्हणतो. दावीद म्हणतो, भिऊ नकोस. आजपासून तू माझ्या पंगतीला जेवायचं. रोज.

“आणि मग बरा झाला,” बेन्यानं आपलं घाईघाईनं संपवून टाकलं.

“नाही,” बाई म्हणाल्या.

“नाही?” मी विचारलं.

“नाही. गोष्ट संपते तिथं एवढंच सांगितलंय की तो राजाच्या पंगतीला नेहमी जेवायचा, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता.”

इतक्या वर्षांत शास्त्रातला पहिला माणूस मला भेटला होता जो शेवटपर्यंत माझ्यासारखाच राहिला. मला इतका आनंद झाला की तो कुणाला दिसू नये म्हणून मी बुटाचा पट्टा सारखा करायला लागले. आणि पट्टा सारखा करता करताच मला शंका आली.

“बाई, मग तो पंगतीत बसला कसा?”

“म्हणजे?”

“मांडी कशी घातली?”

“पाटावर बसला आसंल की,” बेन्या म्हणाला.

“पाटावर मांडीच घालावी लागते, येड्या.”

“मग राजानं स्टूल दिलं आसंल. बाजूला.”

“मग ती पंगत कशी?” मी म्हणाले. माझा आवाज जरा मोठाच निघाला. “बाजूला बसून जेवला तर तो पंगतीला जेवला असं कसं लिहितील?”

बाईंनी चष्मा काढला आणि लुगड्याच्या पदराला पुसत बसल्या. आम्ही वाट बघत होतो. मोठ्या माणसांना सगळं माहीत असतं असा आमचा समज होता, आणि शास्त्राच्या बाबतीत तर राहेलबाईंना देवाखालोखाल.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “लिहिलेलं नाही. मी इतकी वर्षं ती गोष्ट वाचते, पण हे माझ्या मनात कधी आलं नाही. तुम्हीच शोधा. मला उत्तर पाहिजे.”

मग आमच्या शब्बाथ शाळेत त्या दिवशी जे झालं ते बघून पाळकसाहेबांनी बहुतेक आम्हांला हाकलून दिलं असतं. सतरंजीवर दोन ओळी समोरासमोर बसल्या. राजा कोण यावर कुणी भांडलं नाही. भांडण झालं ते मफीबोशेथ कोण यावर. प्रत्येकालाच मफीबोशेथ व्हायचं होतं. बेन्यानं आपल्या गुडघ्याला मागून पुढून फूटपट्ट्या लावून रुमालानं बांधून घेतल्या आणि बसायला गेला तो धाडकन आडवा झाला.

“आता वाकून खा,” मी म्हणाले.

“वाकता येत न्हाई.”

“बघ.”

“पाय पुढं जातोय. वाढप्याच्या मधीच येतोय की गं.”

“तेच सांगतेय ना मी कधीची.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तुझा खटका दाव की. कसा सोडत्यात?” आजवर कॅलिपरकडे सगळे चोरून बघायचे. कसा चालतो म्हणून कुणी विचारलं नव्हतं. मी खटका लावून सोडून दाखवला. टक् असा आवाज झाला. मग प्रत्येकाला तो एकदा सोडून बघायचा होता आणि मी ऐटीत पाय पुढे करून बसले होते.

बाईंची कंबर दुखत असावी. त्या व्हरांड्याच्या कडेला जाऊन, पाय खाली सोडून, ओट्यावर बसल्या होत्या. खेळून दमल्यावर मीही तिथे गेले, खटका सोडला आणि पाय खाली सोडून त्यांच्याशेजारी बसले. माझ्यापाठोपाठ धाकटी दीना आली, मग बेन्या आला, मग सगळीच येऊन ओट्याच्या कडेला ओळीनं बसली आणि पाय हलवायला लागली. बाई मात्र आम्ही जवळ आलो तशा उठल्या आणि खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या नेहमी असंच करायच्या.

बेन्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

“अय,” तो म्हणाला, “ही पंगतच झाली की.”

हंगामाच्या रविवारी मी आईला सांगितलं की मी येते. आई म्हणाली, “बरं.” हे बरं वेगळं होतं.

उपासना झाली. अंगणात ओळी मांडल्या गेल्या. पडवीत माझं स्टूल आणि समोर पाट मांडलेला मला लांबूनच दिसला. मी खटका लावला आणि टाक टाक करत त्याच्यासमोरून सरळ चर्चच्या ओट्याकडे गेले. माझ्या आधीच बेन्या तिथे पोचला होता. बघता बघता सगळी शब्बाथ शाळा ओट्याच्या कडेला पाय सोडून बसली, प्रत्येकाच्या मांडीवर पत्रावळ.

शिट्टी वाजली. आम्ही हललो नाही. पुन्हा वाजली. मग शमुवेलकाका स्वतःच आले.

“खाली बसा रे! पंगत खाली हाये!”

“आमची वर हाये, काका,” बेन्या म्हणाला.

“देवाच्या घराचा वटा हाये हा. इथं खरकटं सांडणार व्हय? रस्सा सांडला म्हंजी?”

“मागच्या वर्षी तुमच्या धोतरावर सांडला तेव्हा तुम्ही काही म्हणाला नव्हता,” मी म्हणाले.

“शालू!” मागून आईचा आवाज आला. ती भाताची परात घेऊन उभी होती.

काका माझ्यापुढे आले. ते वाईट नव्हते. त्यांचा चेहरा अगदी कळवळला होता. “बाळा, तुझी सोय केलीया ना तिकडं? सावली हाये. आधी तुलाच वाढायचं म्हणून मी नळ्या बाजूला काढून ठिवल्यात.”

“मला आधी नको,” मी म्हणाले. माझं तोंडाळपण मला तिथे सोडून गेलं आणि डोळ्यांत पाणी आलं. “मला सगळ्यांबरोबर पाहिजे.”

काका शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. सगळं अंगण बघत होतं. पंच म्हणून त्यांना माघार घेता येत नव्हती, आणि मला रडवताही येत नव्हतं. आता मला उचलून पडवीत नेतील असं मला वाटलं. मी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली.

“शमुवेल,” राहेलबाई म्हणाल्या. त्या लिंबाच्या झाडाखाली कावळे हाकत उभ्या होत्या. कधीकाळी लहानग्या शमुवेललाही शब्बाथ शाळेत त्यांनीच गोष्टी शिकवल्या होत्या. “ओटा मी धुईन. तू मला सांग, दावीद राजाच्या पंगतीला लंगडा बसला होता की नव्हता?”

काकांनी शाळेतल्या मुलासारखे हात मागे घेतले. “बसला व्हता, बाई.”

“मग वाढ.”

आणि त्यांनी वाढलं. दोन शिट्ट्या वाजवल्या आणि बादली घेऊन आमच्या ओळीसमोरून चालत गेले. आमचे पाय ओट्याखाली लोंबत होते आणि कुणाच्या वाटेत नव्हते. माझ्या पत्रावळीवर त्यांनी बाजूला काढलेली नळी टाकलीच. मग बेन्याच्याही टाकली, कारण तो तोंड उघडून तिच्याकडे बघत बसला होता.

मला ओटाभर हसू येत होतं. भात कालवताना माझी नजर बाईंकडे गेली. त्या अजून झाडाखालीच होत्या. त्यांच्या हातात त्यांचा ॲल्युमिनियमचा डबा होता. दरवर्षी त्या असंच करायच्या. सगळ्यांचं होईपर्यंत कावळे आणि कुत्री हाकायच्या, शेवटी डबा भरून घ्यायच्या आणि घरी जाऊन जेवायच्या. मला त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं. त्या दिवशी दिसलं.

“बाई, या ना,” मी हाक मारली.

“जेवा तुम्ही. मी घरी नेते.”

“या ना, बाई.”

“माझी सोय आहे, शालोमी.”

तो शब्द त्यांनी वापरायला नको होता.

“मग ती पंगत कशी?” मी ओरडले.

बाई हलल्या नाहीत. कावळे खाली उतरले तरी त्यांनी हात उचलला नाही. मग हळूच, जणू मला एकटीलाच ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या, “जागा कुठं आहे?”

मी बेन्याला कोपरानं ढोसलं. “सरक.” बेन्यानं दीनाला ढोसलं, दीनानं पलीकडच्याला. अख्खी ओळ पत्रावळी सांभाळत सरकत गेली, आणि शेवटचं पोर ओट्यावरून जवळजवळ खाली आलं. माझ्या आणि बेन्याच्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली. बाई आल्या आणि बसल्या. पिशवीतून आपला पितळी पेला काढून त्यांनी अगदी जवळ, मांडीला लावून ठेवला. आई आली आणि काही न बोलता तिनं त्यांच्यापुढे पत्रावळ धरून भात आणि रस्सा वाढला, पेल्यात पाणी ओतलं.

अंगणातला गलका कमी झाल्यासारखा मला वाटला. पण मी जेवत होते, आणि रस्सा जाळ होता.

बेन्याला तो माझ्याहून जास्त लागला. त्याचे कान लाल झाले, नाक वाहायला लागलं. त्यानं इकडेतिकडे बघितलं, शेजारचा पितळी पेला उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला.

“बन्यामीन, नको!” बाईंचा हात पुढे झाला, पण उशीर झाला होता.

आता मात्र अंगण खरोखर गप्प झालं. भांड्यांचा आवाजसुद्धा थांबला. बेन्याची आई, मार्थाकाकू, समोरच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. शमुवेलकाकांच्या तोंडात शिट्टी होती. ते श्वास सोडायला विसरले होते, आणि सोडला तेव्हा शिट्टीतून बारीकसा आवाज निघाला.

बेन्यानं बाहीनं तोंड पुसलं. “बाई, आणखी हाये का?”

बाई मार्थाकाकूकडे बघत होत्या. इतकी घाबरलेली बाई मी पुन्हा कधी बघितली नाही. मार्थाकाकू पुढे आली. आता ही बेन्याच्या मुस्काटात देणार, असं मला वाटलं. तिनं पेला उचलला, तांब्यातून काठोकाठ भरला आणि बाईंच्या हातात दिला.

“आधी बाईंना पिऊ दे, मेल्या,” ती बेन्याला म्हणाली. “मग तू पी.”

बाई प्यायल्या. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. उरलेलं त्यांनी बेन्याला दिलं. त्यानं ते संपवलं आणि पुन्हा नळी चोखायला लागला. त्याला काहीच कळलं नव्हतं. मलाही नव्हतं.

घरी जाताना मी आईला विचारलं, “सगळे गप्प का झाले होते?”

आई माझ्या टाक टाक पावलांना पाऊल जुळवत चालत होती.

“बाईंचे आईबाप कुष्ठधामात व्हते,” ती म्हणाली. “लांब, तिकडं. पोरांना वेगळं ठिवायचे तिथं. बाई त्या पोरांच्या घरात वाढल्या. आईला बघायचं तर कुंपणाच्या अलीकडून.”

“मग बाईंना पण झालं होतं?”

“कधीच न्हाई. डागदरांनी धा वेळा सांगितलं. पण हितं नोकरीला आल्या तवा लोकांच्या कानावर आलं व्हतं. कुणी त्यांना काय बोललं न्हाई गं. एक शब्द न्हाई. त्यांनीच आपला पेला येगळा केला,” आई थांबली, “आन् आमी करू दिला.”

मला तेव्हा त्या कागदातल्या गोळ्या आठवल्या, आणि पुढे धरलेला डबा. घरी जाऊन मी खूप रडले. माझ्यासाठी नाही. माझ्यासाठी रडायचं त्या दिवशी संपलं होतं. ती गोष्ट बाईंनी माझ्यासाठी शोधून काढली असं मला वाटलं होतं. ती त्यांच्याजवळ जन्मभर होती.

माझा पाय पुढे बरा झाला नाही. कॅलिपर बदलत गेले, आता हलका आहे, खटक्याचा आवाज येत नाही. बाई जाऊनही आता खूप वर्षं झाली. बेन्या नगरला बस चालवायचा, तोही निवृत्त झाला. आमच्या चर्चमध्ये आता टेबलखुर्च्या भाड्यानं आणतात आणि पंगतच बसत नाही. मी तिकडे गेले की तो ओटा बघून येते. त्याची कड थोडी ढासळली आहे.

पण मला सगळ्यांत जास्त आठवतो तो त्यानंतरचा रविवार. बाई आल्या, सतरंजीसमोर उभ्या राहिल्या आणि चष्म्याच्या वरून आमच्याकडे बघितलं.

“मला उत्तर मिळालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “मफीबोशेथ पंगतीत कसा बसला?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. ओट्यावर, असं मी म्हणणार होते. राजवाड्याला ओटा असणारच.

“बाई,” बेन्या डोकं खाजवत म्हणाला, “बाकीचे सरकले आसतील.”

बाईंनी मान डोलावली. मग त्यांनी पिशवीतून डबा काढला. तो गोळ्यांचा नव्हता, त्यांचा जेवणाचा होता. आत तिळाचे लाडू होते, थोडे वेडेवाकडे, घरी वळलेले. त्या ओळीनं एकेकासमोर आल्या आणि आपल्या हातानं प्रत्येकाच्या तळहातावर एक एक लाडू ठेवत गेल्या.

धाकट्या दीनानं आपला लाडू उलटासुलटा करून बघितला.

“बाई, ह्याला कागद नाही.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “खा.”